छत्रीला खिडकी

माझ्या नणंदेच्या होणाऱ्या सासऱ्यांना मी भर रस्त्यात जीभ काढून दाखवली, तेव्हा ते माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते आणि माझ्याकडंच बघत होते.

नुसती जीभ काढली नव्हती. आधी दोन्ही गाल फुगवले. मग भज्यांची पुडी काखेत धरून, मोकळ्या झालेल्या बोटानं नसलेल्या मिशीला पीळ दिला. ते जसं बोलत होते तसे ओठ हलवले, अगदी त्यांच्यासारखी मान हलवत. जीभ शेवटी काढली. पूर्ण काढली! पाऊस पडत होता, समोर पाचोडचे गंगाधरराव पाटील उभे होते, त्यांच्यामागं त्यांची बायको उभी होती आणि दोघांनीही सगळं पाहिलं.

तुम्ही म्हणाल, बाई वेडी होती काय? वेडी नव्हते. मी छत्रीत होते.

आता हे समजायला आमच्या वेळची रीत माहीत पाहिजे. माझं लग्न पोलीस ॲक्शननंतर दोन-चार वर्षांनी झालं. शाळा त्याच्या आधीच सुटलेली. रझाकाराच्या वेळी वडिलांनी आम्हाला हद्दीपलीकडं मामाच्या गावी नेऊन ठेवलं, तेव्हा मी चौथीत होते. परत आलो तेव्हा बैल आणले, भांडी आणली, मला परत शाळेत घालायचं तेवढं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. (मीही आठवण करून दिली नाही.) सासरी आले ते इथं शहरात, गुलमंडीच्या मागच्या गल्लीत. घरात सुनेनं मोठ्यांसमोर डोक्यावरचा पदर पुढं ओढायचा. बाहेर पावसात कुणी थोरलं माणूस समोर आलं, की छत्री पुढं कलती करायची आणि थांबायचं. तोंड दिसू द्यायचं नाही. काही विचारलं तर छत्रीआडूनच "व्हय" नाहीतर "नाय" म्हणायचं. लोक म्हणायचे, "सून काय मर्यादेची आहे!"

त्या मर्यादेच्या आत काय चाललंय हे कुणालाच माहीत नव्हतं. स्वयंपाकघर आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं. ओसरी मामंजींची. खोली एकच, तिच्यात धान्याची पोती आणि आम्ही. सुनेला स्वतःची म्हणून जागा होती ती फक्त छत्री! मी तिच्यात आत्याबाईंना शिव्या दिल्या, मामंजींची नक्कल केली, एकदा उपासाच्या दिवशी अख्खी शेव खाल्ली. जीभ तर रोजच निघायची. घरातून निघताना, परत येताना. सवयच पडली होती.

अडचण एकच. छत्री पुढं कलती केली की पुढचं दिसत नाही. आपले पाय दिसतात, चिखल दिसतो. अशीच एकदा गुलमंडीतून येत होते आणि सायकलवरच्या अंडेवाल्याला जाऊन धडकले. तो पडला, टोपली पडली, मी वर पडले.

"ओ बाई!" तो ओरडला. "छत्री में मुंडी डालके चलते क्या? सामने देखो ना!"

"तूच बघ ना!" मी छत्रीआडूनच म्हणाले. (मर्यादा!)

घरी आले तर लुगडं अंड्यांनी पिवळंधमक. आणि श्रावणी सोमवार! आत्याबाईंनी दारातच कपाळावर हात मारला. "देवा रे! श्रावणात अंडी अंगाला लावून आली ही!" मला न्हाणीत ढकलून त्यांनी बाहेरून पाणी मारलं. आमचे हे कचेरीतून आले, सगळं ऐकून हसले आणि पायातले मोजे काढत म्हणाले, "मग छत्रीला एक खिडकी बसव."

ते चेष्टेनं म्हणाले. मला ते पटलं!

माझ्याकडं माहेरचं शिवणयंत्र होतं. शेजारपाजारचे परकर-झबली मी शिवत होतेच. छत्री म्हणजे तरी काय, काड्यांवर ताणलेला घेरदार परकर! पुढचा एक तुकडा कापायचा आणि तिथं आरपार दिसणारं काहीतरी लावायचं. त्या वेळी टेबलावर घालायचं प्लास्टिक नवीनच निघालं होतं. गुलमंडीत दुकानात गेले.

"कायकू होना?" दुकानदारानं विचारलं.

"छत्रीला."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, छत्री को कपडा लगता."

"आरपार दिसेल असं द्या. गप्पा नको."

पहिलं प्लास्टिक फुलाफुलांचं निघालं. त्यातून समोरचा माणूस गुलाबात उभा असल्यासारखा दिसायचा. ते काढलं. दुसरं कोरं आणलं, तर यंत्राच्या सुईनं त्याला इतकी भोकं पडली की पहिल्याच पावसात खिडकी चौकटीसकट माझ्या पायावर पडली. तिसऱ्या वेळी हातानं लांब लांब टाके घातले आणि शिवणीवर मेणबत्तीचं मेण ओतलं. टिकली! ताटाएवढी खिडकी, डोळ्यांच्या बरोबर समोर. "बघा हो," मी यांना दाखवली. हे वर्तमानपत्र वाचत होते. "छान," वर न बघता म्हणाले.

काय सांगू तुम्हाला! छत्री पुढं घ्यायची आणि सगळं जग बघत चालायचं. टांगे दिसतात, म्हशी दिसतात, कोण कुणाच्या दुकानात शिरलं ते दिसतं, आणि आपण कुणाला दिसत नाही! लोक थांबून थांबून बघायचे. मला वाटायचं छत्रीचं कौतुक चाललंय. एक भाजीवाली तर माझ्याकडं बघून हात जोडून हसली. मीही आतून तिला वेडावून दाखवलं.

आणि त्याच श्रावणात शकूला बघायला पाहुणे आले.

शकू माझी धाकटी नणंद. धाकटी असली तरी मला "वन्सं" म्हणावं लागायचं. पोरगी कामाला चांगली, दिसायला चांगली, एकच खोट, मोठ्यानं हसायची. आधी आलेली स्थळं तिच्या हसण्यावरच मोडली होती. एका ठिकाणी मुलाचा मामा पाटावरून उठताना धोतरात पाय अडकून पडला आणि ही अशी हसली की ते लोक सुपारी न फोडताच गेले. मामंजी खचून गेले होते. शकू वरवर हसायची, पण मी तिला न्हाणीत रडताना पाहिलं होतं. पाचोडचं हे स्थळ शेवटचं आहे असं घरात सगळे धरून चालले होते. लग्न तुळशीच्या लग्नानंतरच होणार, पण बघायला मुहूर्त लागत नाही असं मामंजींचं म्हणणं.

गंगाधरराव पाटील म्हणजे मोठा बारदाना. शेती, बैल, मिशा. त्यांनी शकूला चालायला लावलं, सुईत दोरा ओवायला लावला, दात बघितले. माझ्या हातची भजी खाल्ली. एक ताट संपलं, दुसरं संपलं, मग म्हणाले, "भजी जरा तेलकट हाईत." आणि तिसऱ्या ताटाकडं बोट केलं, "हे बांधून द्या. मोटारीत लागतील."

शकूनं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की काळानिळा डाग पडला. पण हसली नाही! पोरीनं श्वास कोंडून सगळं निभावून नेलं. पाटलीणबाई, काशीबाई त्यांचं नाव, कोपऱ्यात बसून होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत.

पाहुणे निघाले. पाऊस जोराचा. मामंजी टांगा थांबवायला पुढं गेले. भज्यांची पुडी विसरली म्हणून आत्याबाईंनी मला मागं धाडलं. मी माझी छत्री उघडली आणि धावत गल्लीच्या तोंडाशी त्यांना गाठलं. पाटील वळले. मी रीतीप्रमाणं छत्री पुढं घेतली आणि थांबले.

"सूनबाई," पाटील म्हणाले, "तुमच्या मामंजींना म्हणावं, पोरगी बरी हाय. पण एक सांगून ठेवा. आमच्या घरात बाया हसत न्हाईत. दात दाखवायची रीत न्हाई आमच्यात. आमच्या हिला विचारा. लग्न झाल्यापासून हसली न्हाई!"

आणि मग मी ते सगळं केलं. गाल, मिशी, मान, जीभ.

पाटलांचं बोलणं मध्येच थांबलं. मला वाटलं, काही आठवलं असेल. म्हणून जीभ आत घेण्याची घाई केली नाही.

तेवढ्यात त्यांच्यामागून आवाज आला. आधी मला वाटलं घोडा खिंकाळला. काशीबाई हसत होत्या! तोंडावर पदर धरला, पदर सुटला. कुडाच्या भिंतीला टेकल्या, तरी हसत होत्या. "अगं बाई गं!" त्या म्हणाल्या. "अशीच! अगदी अशीच! तुमच्या पाठीमागं मी अशीच काढते हो जीभ!"

आणि आमच्या दारातून, एवढ्या पावसातून, शकूचं हसणं ऐकू आलं. तिनं दारात उभं राहून सगळं पाहिलं होतं. दिवसभराचं कोंडलेलं एकदम बाहेर पडलं. समोरच्या माडीची कबुतरं उडाली!

पाटील एकदा बायकोकडं बघत होते, एकदा आमच्या दाराकडं, एकदा माझ्याकडं. मला अजून कळलं नव्हतं. मग त्यांनी सावकाश बोट पुढं केलं आणि बाहेरून खिडकीवर टकटक केलं. बरोबर माझ्या नाकासमोर.

माझ्या हातून पुडी पडली. भजी गटारात गेली. पाटील टांग्यात बसले.

घरी काय झालं ते सांगत नाही. आत्याबाई बोलल्या ते तुम्ही धरून चाला. मामंजी जेवले नाहीत. ओसरीवरून एवढंच विचारलं, "सूनबाई, माझ्यामागं पण काढायचीस?"

"नाय मामंजी," मी म्हणाले. खोटं बोलले.

आमचे हे मात्र डोक्याला हात लावून बसले. "अगं, मी छत्रीला खिडकी बसव म्हणालो होतो. खिडकीत उभं राहून नाच म्हणालो नव्हतो! आतून दिसतं ते बाहेरून दिसणार नाही व्हय?"

"छान म्हणालात ना? तेव्हा का नाही सांगितलं?"

रात्रीची भांडी मी घासायला घेतली, तर शकू माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "वहिनी, मोडलं तर मोडलं. पण तुमची ती मिशी!" आणि तोंडात पदर कोंबून हसली. मग रडली. मला भांड्यावरून मान वर करवेना.

पाचोडहून निरोप येईना. पंधरवडा गेला. घरात कुणी त्या गावाचं नाव काढीना. मी छत्री माळ्यावर टाकली आणि भिजत हिंडायला लागले.

आणि एक दिवस पाटीलच आले. एकटे. ओसरीवर बसले, पाणी प्यायले नाहीत. म्हणाले, "ती छत्री आणा."

मी आणली. त्यांनी उघडली, तोंडासमोर धरली, खिडकीतून माझ्याकडं बघितलं. मग मला धरायला लावली आणि बाहेरून बघितलं. बैल पारखावा तसं बराच वेळ चाललं.

"दोन्हीकडनं दिसतंय," ते म्हणाले.

"व्हय."

"शिवताना कळलं न्हाई?"

"नाय."

"किती शिकलीस?"

"चौथी."

"हां." त्यांचं समाधान झालेलं दिसलं. मग मामंजींकडं वळले. "पाव्हणं, आमची ही हट्टाला पेटली. पंधरा दिवस भाकरी टाकली न्हाई धड. म्हणती सून करायची तर ह्याच घरातली. तर पोरगी आम्ही केली असं समजा. मानपान काय नको. फकस्त ही छत्री पोरीबरोबर धाडा."

"छत्री?" मामंजींचा आवाज चिरकला.

"तीस वर्सं झाली संसाराला," पाटील म्हणाले. "माझ्या पाठीमागं काय चालतंय ते मला बघायचंय."

मामंजींना हसावं की रडावं कळेना. आतून शकूच्या हसण्याचा आवाज आला. या वेळी तिला कुणी गप्प बस म्हणालं नाही.

लग्न झालं. शकू छत्री घेऊन पाचोडला गेली. पुढच्या वर्षी दिवाळसणाला आली तेव्हा मी पहिलं हेच विचारलं, "वन्सं, छत्री?"

"सासूबाईंनी पहिल्याच दिवशी आतून काळं ठिगळ लावलं," ती म्हणाली. "एका बाजूनं गुंडी ठेवली. आपल्याला बघायचं तेव्हा उघडायचं, नाहीतर लावून टाकायचं. आमचे मामंजी विचारतात तेव्हा आम्ही म्हणतो, फाटली होती. आता त्या छत्रीत आम्ही दोघी असतो."

म्हणजे बघा! मी एवढा खटाटोप करून जे केलं, त्यात राहिलेली एक गुंडी त्या बाईनं लावली. ती शाळेत कधीच गेली नव्हती.

परवा माझी नात तशीच छत्री घेऊन आली. सगळीच्या सगळी आरपार, काचेसारखी. "आजी, बघ नवीन फॅशन!" मी म्हणाले, "छान आहे. फक्त बाहेर पडलीस की तोंड सांभाळ." ती म्हणाली, "म्हणजे?" मी म्हणाले, "काही नाही."

पाटील गेले, काशीबाई गेल्या. मामंजी, आत्याबाई, आमचे हे, सगळे गेले. आता त्या पावसातलं कोण वाचलं म्हणाल, तर पाचोडला शकू आहे आणि इथं मी. दोघींचे दात पडलेत. ती अजून हसते, आणि माझी जीभ शाबूत आहे.