रेणूचा थकवा आणि वरच्या फळीवरचा डबा

रक्ताचे सगळे रिपोर्ट चांगले आले, आणि त्याच कागदांवर हात ठेवून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोरगी आजारी आहे.

मला राग आला. म्हणलं, "बाई, रिपोर्ट चांगले म्हणता अन् आजारी बी म्हणता. दोन्हीतलं खरं काय ते एकच सांगा."

त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "आजोबा, दोन्ही खरं आहे. ह्याला बर्नआउट म्हणतात." मग समजावून सांगितलं. माणूस महिनोन्‌महिने ताणात राहिला, डोक्याला आणि अंगाला मोकळीकच मिळाली नाही, तर एक दिवस दोन्ही हात टेकतात. झोपून उठलं तरी थकवा जात नाही. ज्याची आवड होती त्याचाच वीट येतो. आपल्याच्यानं काही होणार नाही असं वाटत राहतं. तपासणीत काही सापडत नाही, म्हणून घरचे म्हणतात नाटक करते.

मी मान खाली घातली. गेला महिनाभर मी तेच म्हणत होतो.

रेणू माझी नात. पोरगा आणि सून राणीसावरगावला शेती बघतात. बारावी झाल्यावर रेणू फार्मसी शिकायला परभणीला आमच्याकडं आली. आमच्याकडं म्हणजे मी आणि आमची म्हातारी, दोन खोल्या आणि वर गच्ची. मी मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाली केली, खांदा चालला तोवर. शाळा चौथीपर्यंत. हे लिहितोय ते रेणूच्याच जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर. लिहितोय ह्यासाठी की त्या दवाखान्याच्या बाकड्यावर माझ्यासारखे अजून तिघं-चौघं बसलेले बघितले. प्रत्येकाच्या शेजारी कॉलेजातलं लेकरू, आणि कुणी कुणाशी बोलेना.

म्हातारी मागच्या पोळ्याच्या आधी गेली. हृदयाचं दुखणं होतं. दोनच दिवस दवाखान्यात होती. शेवटचं नीट बोलली ते एवढंच, "रेणूकडं ध्यान ठेवा." मी ठेवलं. कसं ठेवलं ते सांगतो, कारण माझं चुकलं ते तिथंच.

म्हातारी होती तोवर ह्या घरात रेणूला घटकाभर एका जागी बसता येत नव्हतं. पोरगी पुस्तक उघडून बसली की हिची हाक आलीच. "रेणे, गच्चीवर जा, सांडगे पालथे कर." ते झालं की, "रेणे, गुळाचा डबा काढ." मग, "रेणे, कोपऱ्यावरून कोथिंबीर आण, चालत जा, गाडी नको." कधी आपल्याच समोर उभी करून साडीची घडी घालायला लावायची, एक टोक हिच्या हातात, दुसरं पोरीच्या. पोरगी कुरकुरायची, उठायची, हसायची, परत बसायची. मी भांडायचो. म्हणायचो, लेकराला शिकू दे की, सारखी उठबस काय करायला लावायलीस. ती म्हणायची, "बसून बसून पोरीचा दगड होईल. तुमाला काय कळतंय." आमचं चाळीस वर्षांत एकदाही एकमत झालं नाही, तर ह्यात काय होणार.

ती गेली आणि मी ठरवलं, आता पोरीला कुणी उठवणार नाही. चहा टेबलावर. पाणी टेबलावर. जेवणाचं ताट टेबलावर. कपडे मी धुवायचो, गच्चीवर मीच वाळत घालायचो. शेजारीण म्हणाली, आबा, पोरीचे लय लाड करायलात. मला बरं वाटलं. वाटलं, म्हातारी वरून बघत असेल तर म्हणेल, माणसानं ध्यान ठेवलं.

पोरगी सकाळी कॉलेजात बसायची, आल्यावर टेबलापाशी बसायची, मग मोबाईल घेऊन पलंगावर बसायची. परीक्षा, प्रॅक्टिकल, प्रोजेक्ट, एकामागून एक. आधी मान दुखते म्हणाली. मग डोकं जड होतं म्हणाली. मग सकाळी उठेना. एकच पान उघडं ठेवून दोन-दोन तास बसायची, विचारलं तर काय वाचलं ते सांगता यायचं नाही. एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला, ती तिथंच उभी, पण तिला पत्ता नाही. आणि रडायची. कारण विचारलं तर म्हणायची, माहीत न्हाई.

मी काय बोललो तेही लिहितो, लपवत नाही. म्हणलं, "थकायला तू उचललंस काय? मी दिवसभर पोती वाहिली, पण असं तोंड केलं नाही."

ती दुसऱ्या दिवशी कॉलेजला गेली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आबा, मला न्हाई जमत हे. मी गावाकडं जाते. बाबाला सांगा, शिक्षण पुरं झालं माझं." बोलताना आवाज एकदम सपाट होता. म्हातारीला दवाखान्यात नेलं त्या सकाळी तिचा आवाज असाच सपाट झाला होता. मी घाबरलो आणि तिला घेऊन रिक्षात बसलो.

थायरॉईड बघितलं, म्हणजे गळ्यातल्या ग्रंथीचं काम नीट चालू आहे का ते. हिमोग्लोबिन बघितलं, म्हणजे रक्त कमी आहे का ते. दोन-तीन जीवनसत्त्वं बघितली. चार दिवस थांबायला लागलं. ह्याच बाकड्यावर मी गेल्या वर्षी बसलो होतो. भिंतीचा रंग तेवढा बदललाय.

डॉक्टरीणबाईंनी रेणूला आत एकटीला बसवून बराच वेळ बोलून घेतलं. मग मला सांगितलं, झोपेची वेळ ठरवा, अभ्यासाचे तुकडे करा, दर आठवड्याला माझ्याशी बोलायला आणा, आणि पोरीला हलवा. मी म्हणलं, थकलेल्या माणसाला हलवायचं? त्या म्हणाल्या, हा थकवा पडून राहून वाढतो. थोडं थोडं, दिवसातून बऱ्याच वेळा, दम लागणार नाही इतकंच.

फिजिओथेरपीच्या खोलीत, म्हणजे जिथं व्यायामानं उपचार करतात तिथं, एक तरुण बाई होती. चारठाण्याची निघाली. माझी सासुरवाडी तीच. तिनं कागद दिला, त्यावर माणसांची चित्रं. पाठ सरळ करून मान सावकाश दोन्हीकडं वळवायची. खांदे पुढून मागं फिरवायचे. हाताचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठायचं-बसायचं. टाचा उचलून दोन्ही हात वर ताणायचे. कमरेतून एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं वाकायचं. आणि संध्याकाळी दहा मिनिटं चालायचं. अर्धा-पाऊण तास बसलं की ह्यातलं काहीतरी एक करायचं.

मी म्हणलं, "बाई, ही तर शाळंतली कवायत हाय."

"कवायतच हाय, आजोबा," ती म्हणाली. "करून घेणारे मास्तर घरात न्हाईत, एवढंच."

कागद भिंतीला चिकटवला. मोबाईलला घंटा लावली. घंटा वाजायची, रेणू बोटानं बंद करायची आणि तिथंच बसून राहायची. मी ओरडलो की रडायची. पहिला आठवडा असाच वाया गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून थोडे दिवस बघू, नाहीतर हे वर्ष थांबवू आणि औषधाचा विचार करू. औषध लागलं तर त्यात लाज नाही, हेही बोलल्या. वर्ष थांबलं तर पोरगी परत येणार नाही, हे मला कळत होतं. सामानाची पिशवी भरून तिनं दाराशी ठेवलीच होती.

मग एका दुपारी मला चहात गूळ पाहिजे होता. म्हातारी गेल्यापासून मी साखरेचाच प्यायचो. त्या दिवशी गुळाची आठवण झाली. डबा वरच्या फळीवर. माझा उजवा खांदा पोत्यांनी गेलाय, हात कानाच्या वर जात नाही. सवयीनं तोंडातून हाक गेली, "रेणे, गुळाचा डबा काढ."

ती उठली. घंटेला न उठणारी पोरगी हाकेला उठली. फळीखाली गेली, टाचा उचलल्या, दोन्ही हात वर ताणले, डबा काढला. मी भिंतीवरच्या कागदाकडं बघितलं. चौथं चित्र. तसंच्या तसं.

मी खाली बसलो. रेणू आली तो आठवडा मला आठवला. डबा आधी खालीच असायचा, गॅसशेजारी. म्हातारीनं मलाच स्टुलावर चढवून वर ठेवायला लावला होता. मी म्हणलं होतं, तुझा तरी हात पुरतो का तिथं? ती म्हणाली होती, "मला कशाला पुरायला पायजे? घरात जवान पोर हाय की." मी तिला आळशी म्हणलो होतो. शेजारणीसमोर म्हणलो होतो.

मोंढ्यात आमचा मुकादम म्हणायचा, गाडी रिकामी झाली की लगेच बसू नका रे, चार पावलं चाला, नाहीतर अंग धरेल. तीस वर्षं ते ऐकलं, पाळलं. स्वतःच्या अंगाला कळत होतं. पोरीच्या बाबतीत अक्कल गहाण टाकली होती.

त्या दिवसापासून घंटा बंद केली आणि हाका सुरू केल्या. रेणे, गच्चीवरचे कपडे उलटे कर. रेणे, कोपऱ्यावर जाऊन बघ, भाजीवाली आली का. साडीच्या घड्या घालायला साड्याच होत्या, म्हातारीच्या. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. घातलेली घडी मोडायची आणि परत घालायची. पहिल्या दिवशी त्या साड्यांना तिचा वास होता.

दहा-बारा दिवसांनी रेणू घडी घालताना म्हणाली, "आबा, कालच घातली की ही साडी."

"मग परत घाल."

"डबा सकाळपासून चारदा काढून ठेवला. गूळ तर तुमी एकदाच खाल्ला."

मी साडीचं टोक तिच्या हातात दिलं.

"आजीवानी करायलात तुमी," ती म्हणाली आणि हसली. फार दिवसांनी. मग म्हणाली, "तिला मी तोंडावर म्हणायची, मुद्दाम करतीस. ती म्हणायची, तुझ्या आबाला सांगू नको, ते भांडतेत."

म्हणजे घरात मला एकट्यालाच माहीत नव्हतं.

पुढचं सरळ आहे. भिंतीवरच्या कागदातलं ती आपणहून करू लागली. संध्याकाळी आमी दोघं स्टेडियमकडं चालत जायचो. डॉक्टरीणबाईंकडं दर आठवड्याला जाणं चालूच होतं, ते सोडू नका, नुसत्या हाकांनी सगळं बरं होत नाही. तिला तिथं मन मोकळं करायला मिळालं, आजीबद्दलसुद्धा. दोन महिन्यांत झोप लागायला लागली. पिशवी तिनंच रिकामी केली. परीक्षा दिली. एक विषय राहिला. राहू दे, परत देईल.

ज्यांच्या घरात असं लेकरू बसून आहे, त्यांना एवढंच सांगतो. काय उचललंस म्हणून विचारू नका. ताट जागेवर देऊ नका. दवाखान्यात न्या, आणि घरी आल्यावर हाक मारा.

सध्या रेणू सुट्टीला गावाकडं आहे. सून आली होती, फळी पुसताना म्हणाली, आबा, तुमचा खांदा असा, डबा खाली ठेवते. मी नको म्हणलं. रोज सकाळी रेणूचा फोन येतो, "आबा, डबा काढला का?" मी फोन ठेवून फळीखाली उभा राहतो, टाचा उचलतो. उजवा हात कानापर्यंतच जायचा, आता थोडा वर जातो. परवा बोटं डब्याच्या बुडाला लागली.

म्हातारीच्या बोलण्याला तिच्या जिवंतपणी कधी ‘बरं’ म्हणलं नाही. आता फळीखाली उभं राहून रोज म्हणतो.