नदीपलीकडचा आल्विन

जर्मनीतल्या नेकार नदीकाठच्या त्या गावात नावं कोरायची ती ओटमारनेच. लग्नाच्या अंगठ्या म्हणू नका, बाप्तिस्म्याचे पेले म्हणू नका, सगळं त्याच्या कोरणीखालून जायचं. युद्धस्मारकाच्या पितळी पाटीवरची एक्केचाळीस नावंही त्याचीच. बेचाळिसावं तेवढं राहिलं होतं. ते त्याच्या स्वतःच्या पोराचं, आल्विनचं. बायको लियोबा कोरू द्यायची नाही. "बेपत्ता म्हणजे मेलेला नव्हे," एवढंच तिचं चौदा वर्षं पालुपद.

अठ्ठावन्न साली एका दुपारी जनरल क्रेमलिंग दुकानात आले. रशियातून माघार घेताना आपली अख्खी डिव्हिजन नदीपार सुखरूप आणली म्हणून त्यांना गळ्यात घालायचा क्रॉस, शौर्याचं मोठं पदक, मिळाला होता. अख्खी म्हणे! पूल उडवेपर्यंत शत्रूला थोपवायला एक तुकडी मागे ठेवली होती. पूल उडाला आणि ती पलीकडेच राहिली. आल्विन त्या तुकडीत होता.

आता नव्या कायद्याने हिटलरचं चिन्ह असलेला क्रॉस घालायची सोय नव्हती.

"एवढं घासून टाका आणि तिथे ओकची पानं बसवा," साहेब म्हणाले. जसा काही सदऱ्यावरचा डाग!

ओटमारने क्रॉस हातात घेतला, पण राहवेना. "साहेब, मागे ठेवलेल्यांत माझा मुलगा होता. आल्विन ब्रायटनफेल्ट. त्याचं पुढे काय झालं?"

"आल्विन? अहो, आठवतो की!" साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "उंचापुरा, सोनेरी केसांचा. निघताना मी स्वतः हात मिळवला त्याच्याशी. क्षणात गेला हो, त्रास नाही झाला."

ओटमारच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आल्विन बुटका, काळ्या केसांचा! घरोघरी हेच सांगत फिरतो की काय हा माणूस? तो तोंड उघडणार, तेवढ्यात दारात कॉफी घेऊन उभी असलेली लियोबा दिसली. तिचे डोळे वाहत होते. तिला एवढं तरी मिळू दे, असं म्हणून बिचाऱ्याने शब्द गिळले आणि मुकाट्याने कानस उचलली.

साहेब गेल्यावर लियोबा म्हणाली, "उद्या पाटीवर त्याचं नाव कोर."

"साहेबांनी सांगितलं म्हणून?"

"उंचापुरा म्हणे! माझ्या कानाला लागायचा तो, तेही टाचा उंचावून. मी काय बहिरी आहे?"

ओटमारने कानस खाली ठेवली. "मग?"

"ज्याने त्याला तिथे ठेवलं, त्यालाच ठाऊक नाही रे. आता मी कुणाला विचारू?" तिने ॲप्रनच्या टोकाने डोळे पुसले. "कोर तू. फक्त तारीख घालू नकोस. ती कुणी बघितलीय?"