शुक्रवारी आलेला मेल

हे घरात कुणालाच माहीत नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, इतकी वर्षं दुकानात शेजारी बसणाऱ्या झेरॉक्सवाल्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

उल्हासनगरला कोर्टाजवळ माझं टायपिंगचं दुकान आहे. पूर्वी नुसते अर्ज टाइप करायचे, आता ते ऑनलाइन दाखलही करते — स्कॅन, पीडीएफ, अपलोड, पावती. फॉर्ममध्ये पक्षकाराचा ईमेल लागतो. सोनिवलीच्या, बारवीकडच्या बायकांकडे कुठला ईमेल? मी माझाच टाकते. काही आलं की फोन करून कळवते. एक सिंधी वकील नेहमी चिडवतात, "मॅडम, आपके मेल में आधा तालुका रहता है, भाडा लो सबसे!" मला त्याचा अभिमान होता.

सुनीता सोनिवलीची. विधवा, अंबरनाथ एमआयडीसीत पॅकिंगला जाणारी. दिराने जागा बिल्डरला द्यायचं ठरवलं होतं आणि त्याच जागेत तिचं दोन खोल्यांचं घर उभं होतं. दीर कोर्टातून हुकूम आणेल, ही भीती तिला होती. म्हणून मी तिचं कॅव्हेट दाखल केलं — म्हणजे हिचं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका, एवढंच. तिने वेळेवर केलं. ईमेल माझा.

दिराच्या दाव्याची प्रत शुक्रवारी दुपारी आली. सुनावणी सोमवारी. मी मेल उघडला, पूर्ण वाचला. तिला फोन लावला, तो बंद — कंपनीत मोबाइल आत नेऊ देत नाहीत. संध्याकाळी दुकानात गर्दी होती. शनिवारी विसरले. इथपर्यंत चूक म्हणता येईल ना? कुणाचीही होते.

पण रविवारी मला आठवलं. बदलापूरला घरी, दुपारची भांडी आवरताना — लख्ख आठवलं. फोन ओट्यावर होता. मी तो उचलला नाही.

का? ती विचारणार, कधी आला? शुक्रवारी, असं सांगावं लागणार. मग ते कोर्टाच्या आवारात पसरणार. माझ्याकडून तारीख चुकत नाही, असं माझं नाव आहे. रिक्षाने सोनिवली किती लांब? जवळच. मी ओटा पुसला आणि मुलीबरोबर टीव्ही बघत बसले.

सोमवारी पुकारा झाला तेव्हा सुनीता कामावर होती. तिने बांधकामाला अडथळा करू नये, असा हुकूम झाला. गुरुवारी जेसीबी आला.

ती धावत दुकानात आली. "ताई, मेल आलता का?"

मी स्क्रीनकडे बघत म्हटलं, "नाही गं. सर्व्हरचा काहीतरी घोळ असेल."

"तुमी बोलता म्हंजे नसंल आला."

आणि तरी खरं पाप हे नाही — ते पुढे आहे. तिने वकील केला. हुकूम रद्द करून घ्यायचा तर तिचं प्रतिज्ञापत्र हवं होतं, मेल मिळालाच नाही असं. ते टाइप कुणी केलं? मी. "सदर ईमेल पत्त्यावर अशी कोणतीही प्रत प्राप्त झालेली नाही." बोटं अडखळली नाहीत. तिला वाचून दाखवलं. तिने शपथेवर सही केली. मी अपलोड केलं — शेजारच्या टॅबमध्ये तो मेल उघडाच होता.

समोरच्या वकिलाने मेल पोहोचल्याचा पुरावा दिला. अर्ज फेटाळला गेला. बाई शपथेवर खोटं बोलल्या, अशा अर्थाचं एक वाक्य निकालात आहे. घर तर गेलंच होतं; जागेतल्या हिश्श्याचा दावा अजून चालू आहे, आणि त्यात सुनीता आता खोटी बाई आहे. मी उद्या जाऊन खरं सांगितलं तर तिला उपयोग होईल. हे मला वकिलाइतकंच कळतं. मी गेलेले नाही. रोज सकाळी त्याच कोर्टासमोर शटर उघडते.

ती आता मोरिवलीत भाड्याने राहते. अजून माझ्याकडेच येते — आणखी बायकांना घेऊन येते. मागच्या आठवड्यात एकीला माझ्यासमोर बसवून म्हणाली, "हिच्याकडं दे कागदं, ताई पक्की हाय." मग ती बाई झेरॉक्सला गेल्यावर खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाली, "ताई, कोर्टाला मी खोटी वाटली. तुमाला तरी म्हाईत हाय ना, मी खोटं नाय बोलली?"

मी म्हटलं, "हो."