शंभर ठिपके आणि आरतीचं ताट

आमच्या सोनिवलीच्या सोसायटीत यंदा पहिल्यांदाच गणपतीच्या आरतीच्या पाळ्या लावल्या होत्या. आज सकाळची पाळी तळमजल्यावरच्या फिटरची. फळ्यावर तसं लिहिलेलं मी वाचलंही होतं. तरी सेक्रेटरींनी ताट पुढे केलं आणि माझे हात सवयीने पुढे गेले. हा फिटर आनंदनगरच्या कारखान्यात माझ्याच हाताखाली काम करतो. त्याने पुढे केलेले हात मागे घेतले. "घ्या साहेब, तुम्हीच घ्या," म्हणाला.

आणि मी घेतलं.

मुलाच्या हातची आरती बघायला कोकणातून मुद्दाम आलेली त्याची आई पुढेच उभी होती. मी आपला घसा ताणून गातोय. शेवटच्या कडव्याला माझं तिच्याकडे लक्ष गेलं. ती टाळ्या वाजवत होती, पण बघत होती मुलाकडे.

घरी आलो तर मुलगी कॉलेजच्या प्रोजेक्टला बसलेली. कॉम्प्युटरवर शंभर ठिपके, सगळे अगदी सारखे. दोन ठिपके समोरासमोर आले की एकाने मागे सरायचं; सरला तो एक पायरी खाली, दुसरा एक पायरी वर. पहिल्यांदा कोणी, ते छापा-काट्यावर. पण एकदा सरलेला पुढच्या वेळी जरा लवकर सरतो. तिने बटण दाबलं. माझा चहा संपेपर्यंत चार ठिपके वर जाऊन बसले, बाकीचे खाली गोळा झाले.

"वरचे हुशार असणार," मी म्हणालो.

"बाबा, मी कुणातच हुशारी घातलेली नाही."

मला सोसायटीचं पहिलं वर्ष आठवलं. सगळेच नवे. निरांजन लावायला काडेपेटी निघाली ती एकट्या माझ्या खिशात, तीही बायकोपासून लपवलेल्या सिगारेटींच्या कृपेने. म्हणून ताट माझ्याकडे आलं. पुढच्या वर्षी लोक म्हणाले, साहेबांनाच द्या. इतकी वर्षं मी समजत होतो, माझ्या आवाजामुळे. मला मुलीकडे बघवेना.

"त्या फिटरच्या आई दुपारच्या गाडीने निघताहेत," बायको आतून म्हणाली.

"मग कमिटीला सांगतो. संध्याकाळची आरती त्याला देऊन टाकू."

ती सारणाची कढई उतरवून बाहेर आली.

"म्हणजे तेही तुम्हीच देणार? अहो, आधी खाली जा आणि माफी मागा. थांबायचं की नाही, ते त्या ठरवतील."