पासिंगच्या तीन खेपा

शशिकांत पराडकर सात महिने घरी बसून आहे, असं शेजारीपाजारी म्हणायचे. मृणालिनीला ते ऐकून हसू यायचं. सात महिन्यांत आपला नवरा सलग दहा मिनिटं एका जागी बसलेला तिनं पाहिला नव्हता. कांदिवलीचा कारखाना बंद पडला, तिथला विजेचा फिटर घरी आला, आणि मीरा रोडच्या त्या दोन खोल्यांत जे काही फिरत होतं, उघडत होतं, मिटत होतं, ते सगळं त्यानं एकदा तरी खोलून पुन्हा जोडलं. नळ झाले, कड्या झाल्या, पंखा झाला. मिक्सर जोडल्यावर एक स्क्रू उरला. तो तीन दिवस ओट्यावर पडून होता.

"कंपनीवाले एखादा एक्स्ट्रा देतात," शशिकांत म्हणाला.

ती फोडणी टाकायला लागली की हा पाठीशी उभा. गॅस मोठा आहे. तेल जास्त झालं. कुकरच्या शिट्ट्या तिच्याआधी तोच मोजायचा.

"अहो, जरा बाहेर जाऊन या ना."

"कुठे?"

तो गॅलरीत जायचा, परत यायचा, पुन्हा जायचा. त्याच्या चपलांचा तो फटफट आवाज तिला झोपेतही ऐकू यायला लागला होता.

म्हणून नोव्हेंबरात लिफ्ट कंपनीचं पत्र आलं ते त्याच्याआधी तिनंच दोनदा वाचलं. चौऱ्याण्णव साल होतं. मीरा रोडला सातसात मजल्यांच्या इमारती उठत होत्या आणि त्यांच्या लिफ्टा बंद पडत होत्या. काशिमीऱ्यापासून भाईंदरपर्यंतच्या लिफ्टांची देखभाल करायची, एक तारखेपासून हजर व्हायचं. अट एकच: स्वतःची दुचाकी हवी आणि तिचं आरसी बुक चालू हवं. त्याची प्रत शनिवारी, एकोणीस तारखेला, दुपारी एकच्या आत कंपनीच्या ठाण्याच्या ऑफिसात पोचली नाही, तर जागा दुसऱ्याला.

दुचाकी होती. लग्नाच्या वर्षी, एकोणऐंशी साली घेतलेली लाल मोटारसायकल. आरसी बुकही होतं. फक्त त्याची पंधरा वर्षांची मुदत मार्चमध्येच संपून गेली होती. ती वाढवून घ्यायची तर गाडी ठाण्याला आरटीओत पासिंगला न्यायला हवी.

"एका सकाळचं काम," शशिकांत म्हणाला.

पहिल्या खेपेला सोमवारी तो तीन वाजता परतला, ते हातात एक चिठ्ठी घेऊन. नववीतल्या इशितानं ती मोठ्यानं वाचली. "हॉर्न ऐकू येत नाही. ब्रेक दाबल्यावर मागचा दिवा लागत नाही. उजवा इंडिकेटर बंद. मागचा टायर गुळगुळीत. आरसा नाही. साडीगार्ड नाही." तिनं बोटं मोजली. "बाबा, सहा विषयांत नापास. वर चढवलं का?"

"अभ्यासाला बस."

"बसलेच आहे. तुम्हीच उभे आहात."

संध्याकाळी दोघं गाडी घेऊन केबिन रोडला बबनच्या गॅरेजमध्ये गेली. बबननं चिठ्ठी बघितली आणि खिशात कोंबली. "रोजचंच आहे, वहिनी. लोक इंजिन चकाचक करून नेतात. इन्स्पेक्टर इंजिनाकडे बघतपण नाय. तो आधी हॉर्न दाबतो, मग ब्रेक दाबून मागे बघतो दिवा लागतो का. अर्ध्या गाड्या तिथंच पडतात. मग टायर. बाकी सगळं मी करतो, पण साडीगार्ड कुठाय?"

साडीगार्ड कुठे आहे ते मृणालिनीला चांगलं ठाऊक होतं. ते खडखडतं म्हणून पाच वर्षांपूर्वी शशिकांतनं काढून ठेवलं होतं, आणि ती ते वर घेऊन गेली होती. तेव्हापासून ती जाळी स्वयंपाकघराच्या खिडकीला बांधलेली होती आणि तिच्यावर कपबशा निथळत होत्या. मागे बसून कुठे जाणंच उरलं नव्हतं, साडी कशात अडकणार? घरी येऊन तिनं कपबशा परातीत काढल्या आणि जाळीची सुतळी सुरीनं कापली.

दुसरी खेप बुधवारी झाली. दुपारी खाली गाडीचा आवाज आला आणि बंद झाला, पण माणूस काही वर येईना. अर्ध्या तासानं आला.

"सगळं पास झालं," तो म्हणाला. "चेसिस नंबर वाचता येत नाही."

"म्हणजे?"

"हँडलखालच्या जाड नळीवर नंबर ठोकलेला असतो. इन्स्पेक्टर त्याच्यावर कागद धरून पेन्सिल फिरवतो, मग आकडे कागदावर उमटतात. आपल्या गाडीचा नुसता काळा डाग उमटला. मला म्हणाला, गाडी तुमचीच कशावरून?"

"गंजला असेल. खाडीची हवा आहे इथली."

"गंज नाही. कुंकू आहे."

सोळा दसरे मृणालिनीनं त्या गाडीची पूजा केली होती. पहिल्या वर्षी सासूबाईंनी दाखवलं होतं: हे हँडल म्हणजे तिचे हात, हा दिवा म्हणजे डोळा, आणि ही नळी म्हणजे कपाळ. तेलात कालवलेलं हळदकुंकू तिथंच लावायचं, वर अक्षता चिकटवायच्या, आणि ते पुसायचं नाही. आपोआप गळेल तेव्हा गळेल. ते गळलं नव्हतं. थरावर थर बसत गेले होते.

"मी कुंकू लावलं," ती म्हणाली. "त्याच्यावरून दोनदा लाल रंग कोणी फासला?"

"पुसलं असतं तर तूच ओरडली असतीस."

"आईंनीच सांगितलं होतं की..."

"आता आईला मध्ये आणू नकोस."

तो जेवला नाही. आडवा झाला, उठला, पुन्हा आडवा झाला. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मी नाही जाणार परत. त्या मैदानात दोनशे माणसांसमोर चोर ठरायला."

गुरुवारी सकाळी भाजी आणायच्या निमित्तानं ती बबनकडे जाऊन आली. दुपारी रॉकेलची वाटी, जुना टूथब्रश आणि केसातला आकडा घेऊन ती खाली उतरली आणि गाडीपुढे पाट टाकून बसली. रॉकेल लावायचं, दहा मिनिटं मुरू द्यायचं, ब्रश मारायचा, की बोटभर खपली निघायची. आकड्याच्या टोकानं खाचेतला रंग उकरायचा. एका थराखाली तिला तांदळाचा अख्खा दाणा मिळाला.

तळमजल्यावरची हंसाबेन दारातून बघत होती. "अरे मृणालबेन, ये क्या कर रही हो? गाडी का फेशियल?"

"पास कराना है ना, हंसाबेन."

"तो भाईसाब को बोलो ना. पूरा दिन तो ऊपर-नीचे करते रहते हैं."

भाईसाहेब तेवढ्यात खाली आलेच. त्याच्या हातात पॉलिश पेपर होता. "सरक. असं पंधरा दिवस लागतील. दोन हात मारतो, लख्ख होईल."

"नाही."

"अगं, मी फिटर आहे."

"म्हणूनच नाही." तिनं दोन्ही तळवे त्या नळीवर दाबून धरले. "बबनभाऊ काय म्हणाले ऐका. पॉलिश पेपर लागला तर आकडेपण घासले जातात. मग कुंकू आहे म्हणून सांगायलासुद्धा जागा राहणार नाही. नंबर मुद्दाम उडवला म्हणतील. गाडी जप्त होईल."

"एक हात मारून बघतो फक्त."

"मिक्सरचंही तुम्ही तसंच म्हणाला होतात!"

हंसाबेन हसली. शशिकांतचे कान लाल झाले. त्याच्या बोटांची नुसती चाळवाचाळव चालली होती, पेपर दुमडायचा, उलगडायचा. मृणालिनीला एकदम त्याची दया आली आणि तितकाच रागही आला. तिनं तळवे काढले नाहीत. "शनिवारी एकनंतर तुम्ही ही अख्खी गाडी खोलून बसा, मी काही बोलणार नाही. तोपर्यंत हिला हात लावायचा नाही."

तो पेपर खिशात घालून जिना चढून गेला. शुक्रवारी अंधार पडेपर्यंत ती तिथंच होती. दहा आकडे स्वच्छ निघाले. अकरावा तीन होता की आठ, ते काही केल्या कळेना.

शनिवारी ती त्याच्यासोबत निघाली. "तू कशाला?" त्यानं विचारलं. "कुंकवाचं कोण सांगणार?" ती म्हणाली. खरं कारण वेगळं होतं. पॉलिश पेपर अजून त्याच्याच खिशात होता. वाटेत चेणे गावाजवळ त्यानं गाडी बाजूला घेतलीच.

"एकदा बघतो फक्त."

"बघा. हात मागे बांधून बघा."

त्यानं खरोखरच हात मागे बांधून, वाकून बघितलं. मग दोघं पुढे निघाली.

आरटीओच्या मैदानात अकरा वाजून गेल्यावर नंबर लागला. इन्स्पेक्टर तरुण होता, सकाळपासून उन्हात उभा असल्यानं वैतागलेला. त्यानं हॉर्न दाबला, ब्रेक दाबला, मग कागद धरून पेन्सिल फिरवली. मृणालिनी पेन्सिलीकडे बघत होती. एकेक आकडा पांढरा होऊन वर आला. अकरावा आला तो अर्धवट.

"हा काय आहे?"

"आठ," शशिकांत म्हणाला.

"मला तीन दिसतोय. आणि हे सगळं खरवडलंय कोणी?"

शशिकांतचा हात पॉलिश पेपरच्या खिशाकडे गेला. मृणालिनी पुढे झाली. "मी खरवडलंय, साहेब. कुंकू होतं. पंधरा वर्षांचं."

"कुठे लावलं होतं?"

"इथं. कपाळाला."

इन्स्पेक्टरनं तिच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. दुसरा कागद घेतला आणि अकराव्या आकड्यावर तिरकी पेन्सिल धरून हलक्या हातानं चारदा फिरवली. डावीकडे केसासारखी एक बाकदार रेघ उमटली. त्यानं आरसी बुक उघडलं, इंजिनाचा नंबर खाली बसून ताडून पाहिला.

"आठ," तो म्हणाला. "यापुढे इथं काही लावू नका, काकू."

"दसऱ्याला?"

"टाकीवर लावा. टाकीवर कोणी नंबर शोधत नाही."

खिडकीवर शिक्का मिळेपर्यंत सव्वाबारा झाले, समोरच्या दुकानात झेरॉक्स निघेपर्यंत साडेबारा. शशिकांतनं किक मारली. मृणालिनीनं पदर आवरून कमरेला खोचला, पर्स काखेत घट्ट धरली आणि बसायला पाय उचलला. तेवढ्यात गाडी पुढे गेली. दहा हातांवर जाऊन थांबली. त्यानं मान वळवली.

"मृणाल, एकला ऑफिस बंद होतं गं!"

"मग जा की!"

"तू?"

"मी बसनं येते. निघा तुम्ही!"

तो गेला. वळणावर त्यानं उगीचच हॉर्न वाजवला. तो इतका मोठा वाजला की रांगेतली चार माणसं वळून बघायला लागली.

मृणालिनीनं खोचलेला पदर सोडला. बस स्टॉप कुठे आहे ते तिनं एका बाईला विचारून घेतलं, पण ती लगेच तिकडे गेली नाही. फाटकाबाहेर चहाची टपरी होती, बाकडं रिकामं होतं. तिनं चहा सांगितला. टपरीवाल्यानं स्टो भरपूर मोठा ठेवला होता, दूध उतू जायच्या बेतात होतं. मागे उभं राहून सांगणारं कोणी नव्हतं. दूध वर येताना ती बघत बसली.