पिवळी ठिणगी

मिस्त्रींचा शब्द खोटा पाडायची त्या धक्क्यावर कुणाची टाप नव्हती. चाळीस वर्षं त्यांनी होड्यांच्या मागे बसवायची इंजिनं दुरुस्त केली होती, आणि नवी चकाचक नव्हेत बरं का, ज्यांना बाकीचे मेकॅनिक हात जोडत तसली म्हातारी. त्यांची तपासायची पद्धत ठरलेली. प्लग काढायचा, वायर त्याला तशीच ठेवून तो इंजिनाच्या धातूला टेकवायचा, डोक्यावर गोणपाट घेऊन अंधार करायचा आणि दोरी खेचायची. प्लगच्या टोकाला ठिणगी उडते. निळी उडाली तर वीज ठणठणीत, दोष दुसरीकडे शोधा. पिवळी, मरतुकडी उडाली तर प्लगला वीज पुरवणारी कॉइल गेली. एकदा निकाल दिला की विषय संपला. "काका, परत एकदा बघता का?" असं कुणी चुकून विचारलंच, तर म्हणायचे, "तूच बघ ना बाबा, मी घरी जाऊन झोपतो."

तर अशा माणसाच्या दारात होडीवाली तिसऱ्यांदा इंजिन घेऊन आली. तिचं इंजिन तिच्यापेक्षा वयाने मोठं, वडिलांनी मागे ठेवलेलं. त्यावर ती शाळेच्या बाई, नर्स, भाजीवाल्या अशा सहा-सात जणांना रोज पलीकडे नेऊन सोडायची. मिस्त्रींनी महिन्याभरात दोन कॉइल बदलल्या होत्या, तरी इंजिन ऐन पाण्यात बंद पडायचं ते पडतच होतं.

"काका, उद्या सकाळी परवाना खात्याचे साहेब येतायत," ती म्हणाली. "होडीत बसून बघणार. बंद पडलं तर परवाना काढून घेणार म्हणालेत. मग मी करू काय?"

"काही होत नाही. मी आहे ना!" मिस्त्रींनी तिसरी कॉइल बसवली, गोणपाटात डोकं खुपसलं, दोरी ओढली. आणि आतूनच ओरडले, "पिवळी! हीसुद्धा पिवळी! मेले कारखानेवाले, कॉइल बनवतात की खेळणी?"

त्यांची बायको चहा घेऊन आली होती. गोणपाट घसरतंय म्हणून तिने ते धरलं आणि धरता धरता आत डोकावली. मिस्त्रींनी पुन्हा दोरी ओढली.

"अगंबाई! केवढी निळी!"

"पिवळी आहे."

"अहो, निळीशार आहे. तुम्हाला कावीळबिवीळ झाली की काय?"

"चहा ठेव आणि जा."

पण होडीवालीनेही वाकून बघितलं आणि हळूच म्हणाली, "काका, निळीच आहे हो."

आता बायकोला राहवेना. "मागच्या महिन्यात रंगाऱ्याशी भांडलात ना, निळा सांगितला तर दाराला मळकट हिरवा का फासला म्हणून? तो बिचारा शपथा घेत होता. मी म्हटलं, जाऊ दे, उगाच तोंडाला लागायला नको. दार निळंच आहे हो."

मिस्त्री दाराकडे बघत राहिले. त्यांना ते मळकट हिरवंच दिसत होतं.

मग त्यांनी फळीवरचा पत्र्याचा डबा खाली घेतला. वर्षभरात बाद ठरवलेल्या कॉइल त्यात होत्या, अकरा. एकेक लावून ते दोरी ओढत गेले आणि बायको गोणपाटाखालून रंग सांगत गेली. निळी. निळी. ही पिवळी. परत निळी. अकरांतल्या नऊ धडधाकट निघाल्या. मिस्त्री स्टुलावर मटकन बसले.

"पोरी, मी तुझं वाटोळं केलं गं. तुझंच नाही, सगळ्यांचं."

होडीवाली चिडली असती तर ते तिच्या हक्काचंच होतं. पण तिने चहाचा कप त्यांच्या हातात दिला. "रडायचं उद्या दुपारी. आत्ता एवढंच सांगा, ठिणगी निळी आहे तर हे मरतं कशाने?"

मिस्त्रींनी डोळे पुसले. "नेमकं कधी बंद पडतं?"

"धक्क्याला लावायला दांडा डावीकडे वळवला की."

"हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तीनदा सांगितलंय, काका. तुम्ही म्हणालात, तोवर कॉइल तापते."

आता बोला! मिस्त्रींची पाण्याची टाकी भिंतीला चिकटून. तपासायला इंजिन तिच्यात सोडून चालवायचं, पण सुकाणूचा दांडा डावीकडे वळवायला जागाच नाही. सरळ ठेवलं की तासभर सुरळीत चालायचं. तिघांनी मिळून टाकी ओढून अंगणाच्या मधोमध आणली. इंजिन सुरू केलं. मिस्त्रींनी दांडा डावीकडे वळवला आणि इंजिन गप्प. सरळ केला, दोरी ओढली, सुरू. वळवला, गप्प.

मग त्यांनी डोळ्यांचा नाद सोडला आणि बोटांनी चाचपत गेले. इंजिन बंद करायच्या बटणाची बारीक वायर दांड्याखालून जाते, ती वळणावर घासून उघडी पडली होती. दांडा वळला की धातूला टेकायची. बटण दाबल्यासारखंच झालं ते! तीन कॉइल बदलल्या आणि दोष होता वीतभर वायरीत. मिस्त्रींनी नवी वायर टाकली, घासणार नाही अशी रबरी नळीतून नेली.

दुसऱ्या दिवशी, तक्रार ऐकून आलेल्या साहेबांनी दांडा मुद्दाम चार वेळा डावीकडे वळवायला लावला. मिस्त्री काठावर उभे होते, दर वळणाला श्वास धरून. इंजिन एकदाही अडखळलं नाही. होडी धक्क्याला लागली तसं साहेबांनी विचारलं, "हे म्हातारं कुणी सांभाळलंय?" होडीवाली म्हणाली, "आमच्या मिस्त्रींनी. दोष त्यांनीच शोधला." एवढंच. कॉइलबद्दल चकार शब्द नाही. ती एक वाक्य जास्त बोलली असती तर चाळीस वर्षांचं नाव पाण्यात गेलं असतं, हे मिस्त्रींना कळत होतं, आणि त्यांना भर धक्क्यावर हुंदका आवरेना.

त्याच होडीतून तिने त्यांना पलीकडच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाल्या, यात निळा रंग आधी हरवतो, आणि हळूहळू हरवतो म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. ऑपरेशन झालं. बरे झाल्यावर मिस्त्री नऊ कॉइल घेऊन दारोदार फिरले आणि ज्याची त्याला परत केली. "चूक माझी, इंजिनाची नाही," असं प्रत्येकाला आपल्या तोंडाने सांगितलं. गंमत म्हणजे गिऱ्हाईक एकही तुटलं नाही.

आता त्यांना लख्ख दिसतं. रंगाऱ्याला घरी बोलावून चहा पाजून झालाय. पण अजूनही प्लग धातूला टेकवला की ते आत हाक मारतात, "अगं, ये गं, रंग सांग!" ती हातातलं काम टाकून येते, गोणपाटाखाली डोकं घालते.

परवा वैतागून म्हणाली, "आता दिसतं ना तुम्हाला? मग मला कशाला बोलावता?"

"दिसतं की," मिस्त्री दोरी हातात घेत म्हणाले. "तेव्हाही मला दिसतच होतं."

तिने गोणपाट नीट धरलं. "ओढा," म्हणाली.