डोमाजी चपराशी आणि सरकारी बूट

आमच्या कचेरीत चपराशी दोन. एक मी, धोंडीबा, मराठी चौथी पास. दुसरा डोमाजी, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. त्याला सही येत नव्हती, पण आदिलाबादपासून गुडीहत्नूरपर्यंत कोणत्या गावात कोणाचं कुत्रं चावरं आहे हे त्याला तोंडपाठ होतं, आणि समन्स घेऊन पायी हिंडणाऱ्याला सहीपेक्षा हेच जास्त कामाचं. एकदा एक पाटील दाराला कडी घालून आत बसला आणि आतूनच ओरडला, "पाटील घरी नाईत!" डोमाजी म्हणाला, "काई हरकत नाई पाटील. घरी नाई म्हून इथं अंगठा लावून द्या, म्हंजे मले सायबाले दाखवता येते." पाटलाने खिडकीतून हात बाहेर काढून अंगठा लावून दिला. समन्स बजावलं गेलं. ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे की माझ्या नाती माझ्या आधी हसतात.

पण डोमाजीची सगळी गोष्ट अशी हसण्याची नाही. आदिलाबादजवळ मावला म्हणून गाव, तिथे त्याच्या घरी बयनाबाई होत्या. त्याची बायको. मी त्यांना वयनी म्हणत असे.

पोलीस ॲक्शन झालं त्या पावसाळ्यात पऱ्हाटी निंदताना वयनींची बोटं सुजली. चिखलाने असेल म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. दिवाळीपर्यंत मनगटं गेली, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गुडघे. मग बोटं एका बाजूला वाकली ती वाकलीच. पाण्याचा पेला दोन तळव्यांत धरून उचलायचा, कूस बदलायची तर दोघांनी बदलून द्यायची. सकाळी अंग इतकं आखडलेलं असायचं की ऊन ओट्यावर येईस्तोवर त्यांना बोलणंसुद्धा नको वाटायचं. दवाखान्यातल्या डॉक्टरने संधिवात म्हणून सांगितलं. गोळ्या चालू तोवर उतार, गोळ्या संपल्या की पुन्हा तेच. गावातल्या बायका येत, प्रत्येकीपाशी एक उपाय. वच्छलाबाईंनी शेवग्याचा पाला वाटून नव्हे, तसाच गरम करून गुडघ्यांना बांधला आणि वयनींना उन्हात बसवलं. शेजारची शेळी आली आणि गुडघ्यांवरचा पाला खाऊन गेली. हात उचलत नाहीत, हाकलणार कशी? वयनी मला सांगताना डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या होत्या. "भावजी, तिनं चाटलं बी जरासं. तेवढा वेळ बरं वाटलं बघा."

दुखण्याचं पहिलंच वर्ष संपताना डोमाजी माहूरला गेला आणि रेणुकामाईपुढे बोलून आला, की बयना आपल्या पायांनी तुझ्या पायऱ्या चढेपर्यंत मी पायात काही घालणार नाही. घरी आला तो अनवाणी. वहाणा गडाखालीच कोणाला तरी देऊन टाकल्या होत्या.

ज्याचं काम बसून करायचं आहे त्याने असा नवस बोलला तर ठीक. हा रोज पाच-सहा कोस चालणारा माणूस. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात तव्यासारखी तापते, पावसाळ्यात पायाला शेर शेर चिकटते, आणि बांधाबांधाला बाभळी. संध्याकाळी घरी गेलं की त्याची लेक वनमाला, तेव्हा दहा वर्षांची, तव्यावर वाळू तापवायची. वाळूची पुरचुंडी आईच्या गुडघ्याला, आणि ती निवेपर्यंत सुई घेऊन बापाच्या तळव्यातले काटे. मग देवीचा अंगारा तिघांच्या कपाळी, मग आरती. मंगळवारी तिघंही उपाशी. वयनी पडल्या पडल्या आरती म्हणायच्या, आवाज गोड होता. हे एक दिवस नाही, एक महिना नाही, सात वर्षं. वनमाला सतरा वर्षांची झाली. मी कधी जाऊन बसलो तर मलाच थकवा यायचा. त्या घरात कोणी कोणावर ओरडत नव्हतं, रडत नव्हतं. "पुढच्या नवरातीपर्यंत बयना उठून बसंन," असं डोमाजी दर नवरात्रात म्हणायचा, आणि दोघी मायलेकी "व्हय" म्हणायच्या.

मग छपन्न साल आलं. हैदराबाद राज्य गेलं. किनवट तालुका, कालपर्यंत आमच्याच जिल्ह्याचा, उचलून मुंबई राज्याकडे दिला. त्याच्याबरोबर माहूरही गेलं. आम्ही आंध्रात राहिलो. उर्दू शिकायला जन्म गेलेले कारकून आता तेलुगू गिरवत बसले. आणि आम्हा चपराशांना खाकी कपडे अन् बूट आले. बुटांच्या तळाला नाल होती, घोड्यासारखी. मी तर पहिले चार दिवस कारण नसताना व्हरांड्यात फेऱ्या मारल्या.

डोमाजीने कपडे घातले. बुटांच्या नाड्या एकमेकांना बांधल्या, बूट गळ्यात अडकवले आणि कामाला आला. छातीवर एक डावा, एक उजवा.

नवे साहेब समुद्राकडच्या मुलखातले. त्यांनी आधी चष्मा पुसला. "बूट्लु एक्कड?" म्हणाले.

डोमाजीला तेलुगूत 'कुठे' एवढं कळत होतं. त्याने गळ्याकडे बोट दाखवलं. "हे काय सायब, हाजिर हायत."

मी हिंदीत नवसाची हकिकत सांगितली. साहेब माणूस वाईट नव्हता. "मोक्कु?" म्हणाले, "मेरी अम्मा भी मोक्कु रखती." पण महिनाभरात वरिष्ठांची तपासणी येणार होती. "आठ दिन," साहेब म्हणाले. "बूट पैर में. नहीं तो मैं इसको नहीं रख सकता."

त्या संध्याकाळी मी डोमाजीबरोबर मावल्याला गेलो. ओट्यावर बसलो. आत वयनी पडलेल्या, भिंतीकडे तोंड.

"डोमाभाऊ, कचेरीपुरते घाल ना. वेशीबाहेर काढून टाक. देवी का रजिस्टर घेऊन बसली हाय?"

"तुले नाई समजत धोंड्या."

"मंग समजावून सांग. नोकरी गेल्यावर तिले खाऊ काय घालशीन? अंगारा?"

तो पायाचा अंगठा चोळत बसला. मग अगदी हळू म्हणाला, "बूट घातले म्हंजे काय होते, सांगू? म्हंजे मी म्हनलो का बयना आता चालत नाई. कधीच. ज्या दिवशी मी पायात घालीन, त्या दिवशी माह्यासाठी ते उठाची सरली. नोकरीचं काय, निंदाले जाईन कोनाच्या बी वावरात."

हळू बोलला, पण भिंत कुडाची. आतून आवाज आला, "अवो, मले माहूरले घेऊन चला."

"तुले? बसता येत नाई गाडीत."

"मंग निजवून न्या. सात वर्सं तुमीच बोलून राह्यले तिच्याशी. मले बी बोलाचं हाय."

आता दोन दिवसांच्या रुखसतीची, म्हणजे रजेची, दरख्वास्त द्यायची होती. मी लिहून दिली. कारकुनाने विचारलं, जिल्ह्याबाहेर जाणार का? डोमाजी म्हणाला, नाही, माहूरलाच तर चाललो. कारकून म्हणाला, माहूर आता परराज्य आहे बाबा, साहेबांची वेगळी मंजुरी लागते. डोमाजी मला म्हणाला, "देवी काऊन परराज्यात गेली रे? तिनं दरख्वास्त देल्ती का?" साहेबांनी मंजुरी दिली, मलाही सोबत सोडलं.

आदिलाबादहून किनवटपर्यंत आगगाडी, पुढे मोटार. वयनींना मी आणि डोमाजीने घोंगडीत उचलून नेलं. वनमाला मांडीवर आईचं डोकं घेऊन बसली. मार्गशीर्षातली थंडी, त्यात मोटारीचे धक्के. प्रत्येक धक्क्याला वयनी ओठ दाबायच्या. समोरच्या बाकावरची एक बाई सारखी विचारत होती, "काय झालं, काय झालं?" शेवटी वयनी म्हणाल्या, "काई नाई बाई, सरकारनं हद्द हालवली, त्यात माहे सांधे सरकले." अख्खी मोटार हसली. डोमाजी तेवढा हसला नाही. तो सारखा तिच्या पायांकडे बघत होता.

गडाच्या पायथ्याशी त्याने पाठ वाकवली. तिला पाठुंगळी घेऊन चढायचं ठरलं होतं.

"थांबा," वयनी म्हणाल्या. "मले पायरीपाशी उभी करा."

मी एका बाजूने धरलं, वनमालाने दुसऱ्या. त्यांनी उजवा पाय उचलला. उचलला म्हणजे काय, गुडघा वाकत नव्हता, कंबरेतून हिसका देऊन तो वर ओढला. एक पायरी झाली. त्यांचा घाम माझ्या दंडावर गळत होता. दुसरी. येणारे-जाणारे थांबले. तिसऱ्या पायरीवर त्यांचा सगळा भार आमच्यावर आला आणि त्या खाली बसल्या. श्वास मागेपुढे होत होता.

गर्दीतला एक म्हातारा डोमाजीला म्हणाला, "झालं की. पायऱ्या चढली तुही बायको, तीन का तीनशे, देवी कुठं मोजते?"

डोमाजीच्या तोंडावर जे आलं ते मी कधी विसरलो नाही. पोराला जत्रेत काही तरी देऊ केल्यासारखं. "बयना, व्हय ना? चढली ना तू?"

वयनींनी मान हलवली. "नाई चढली. खोटं नको. यायनं उचललं मले. माह्यात एवढंच होतं, तीन पायऱ्यांचं, ते सरलं. आता घ्या पाठीवर."

त्याने घेतलं. वर पोचेपर्यंत तो चार ठिकाणी टेकला. गाभाऱ्यापुढे त्याने तिला उतरवलं, मी मागून टेकू दिला. तिला हात जोडता येत नव्हते, बोटं वाकडी. तिने मनगटं एकमेकांना लावली आणि सरळ, शेजारणीशी बोलावं तसं बोलली.

"माय, मी काई बरी होत नाई. तुह्याच्यानं होत नसंन का तुले द्याचं नसंन, ते तुहं तुले ठाऊक. मी तुह्यावर रागावली नाई. पन याचे पाय सोड. घरात चालनारा हा एकच हाय."

"असं नको म्हनू," डोमाजी म्हणाला. "बरी होत नाई असं तिच्यासमोर नको म्हनू."

"मी नाई म्हनलं तर उठून चालीन का? सात वर्सं मी व्हय व्हय म्हनली, तुमाले वाईट वाटू नये म्हून. थकली मी व्हय म्हनून."

वनमाला रडायला लागली. मोठ्याने, लहान पोरीसारखी. मी तिला असं रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

पुजारी म्हातारे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाले, "बाई, नवस ज्यानं बोलला त्याचा तोच फेडते. जिच्यासाठी बोलला तिनं येऊन सोडवला, असं मी तर पाहिलं नाई." मग देवीचा प्रसाद, कुटलेल्या विड्याचा तांबूल, त्यांनी आधी वयनींच्या तळव्यावर ठेवला, नंतर डोमाजीच्या. "घ्या. आईनं नाई म्हटलं नाई."

खरं तर आईने हो पण म्हटलं नव्हतं. डोमाजी तळव्यावरचा तांबूल बघत राहिला. मग त्याने तो तोंडात टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर बूट घालायचा कार्यक्रम. आणि बूट जाईनात! सात वर्षं मोकळे राहून पाय असे पसरले होते की बोटं फण्यासारखी. मी ओढतो आहे, वनमाला ढकलते आहे, वच्छलाबाई तेल लावा म्हणताहेत. आतून वयनी ओरडल्या, "मोकाट सोडलेली जनावरं एका दिवसात दाव्याले येतात का? मोच्याकडं न्या!" मोच्याने बूट दोन्ही अंगांनी चिरले आणि मध्ये चामड्याच्या पट्ट्या घातल्या. दिसायला ते दोन मोठे बेडूक दिसत. साहेबांनी चष्मा पुसून बघितले, "सरे," म्हणजे ठीक आहे, असं म्हणाले, आणि तपासणी निघून गेली.

डोमाजीला ते कधी आवडले नाहीत. पहिले दोन महिने तो लंगडत होता, काट्यांनी लंगडला नाही इतका. आणि घरात काही दिवस भारी शांतता होती, कोणी वारल्यासारखी. आपण चुकलो का, असं मला वाटायचं. पण मग एकेक गोष्ट हलली. वनमालाचं लग्न 'आई उठल्यावर' म्हणून थांबलं होतं, ते आई पडलेली असतानाच निर्मलकडच्या मुलाशी ठरलं, आणि मांडव वयनींच्या खाटेला लागून घातला. बुटांची नाल वाजायची, त्यामुळे डोमाजी वळणावर असतानाच वयनींना कळायचं. भिंतीकडे तोंड करूनच त्या म्हणायच्या, "वनमाला, च्या ठेव, सरकार आलं." ती सासरी गेल्यावर वच्छलाबाईंना सांगायच्या.

वयनी आणखी नऊ वर्षं जगल्या. दुखणं कमी झालं नाही, वाढलंच. अंगारा चालू राहिला, मंगळवार चालू राहिला. फक्त डोमाजी आता उठू दे, चालू दे असं म्हणत नसे. एकदा मी त्याला विचारलं, "भाऊ, आता देवीले काय मांगतं?"

"काई नाई रे. आज रातची झोप लागू दे तिले, एवढंच. उद्याचं उद्या मांगतो."

आणि कधी कधी, आठवड्यातून एखाद वेळा, ती लागायची.